वादकाच्या डोळ्यांसाठी

जाझ वाजवणाऱ्याच्या पुढ्यातल्या कागदावर फार थोडं लिहिलेलं असतं. मेलडीची एक ओळ आणि तिच्या डोक्यावर कॉर्डची चिन्हं, बस्स. बाकीचं त्याने जागच्या जागी रचायचं. चिन्ह पाहताक्षणी कळलं नाही, तर ते पुन्हा वाचायला सवड नसते. तोवर पुढचा बार सुरू झालेला असतो. म्हणून मला या चिन्हांच्या अक्षराचा इतिहास महत्त्वाचा वाटतो.

१९४२ मध्ये अमेरिकेत जॉर्ज गुडविनने ‘ट्यून-डेक्स’ कार्डं काढली. आकार जेमतेम ३ बाय ५ इंच. गाणं कोणाच्या मालकीचं, हे रेडिओवाल्यांना चटकन कळावं यासाठी ती होती. पण त्यांवर मेलडी आणि कॉर्डही असत. लोकांनी ती एकेका पानावर तीन-तीन छापून चोरटी ‘फेक बुक्स’ बनवली. एवढ्याशा अक्षरावरून क्लबच्या मंद उजेडात वाजवायचं!

१९७० च्या दशकाच्या मध्यावर बॉस्टनच्या बर्कली कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी ‘द रियल बुक’ हाताने लिहून काढलं. तेही बेकायदाच, कायदेशीर आवृत्ती आली ती थेट २००४ मध्ये. त्यातलं ठसठशीत हस्ताक्षर म्हणजेच जाझचं अक्षर, असं पुढच्या पिढ्यांनी मानलं. अक्षर देखणं आहे, पण तिथे मायनरसाठी नुसती आडवी रेघ आहे. झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये ती पुसट झाली, की मायनरचा मेजर होतो.

ही अडचण ओळखणारी माणसं त्याच काळात होती. कार्ल ब्रँट आणि क्लिंटन रोमर यांनी १९७६ मध्ये कॉर्डच्या चिन्हांसाठी एकसारखी पद्धत सुचवली. लहान-मोठ्या ‘एम’वर भिस्त न ठेवता मायनरला ‘एमआय’ आणि मेजरला ‘एमए’ अशी दोन-दोन अक्षरं लिहा, असं त्यांचं म्हणणं. कंसाचंही तसंच. ‘ई’, मग ♭, मग ९ असं सलग लिहिलं, तर ई-फ्लॅटचा नाइन्थ की ‘ई’वरचा फ्लॅट-नाइन? दोन्ही कॉर्ड पार वेगळे. ‘♭९’ कंसात टाकलं की प्रश्नच मिटतो. पन्नास वर्षांनंतरही मला याहून शहाणा सल्ला दिसत नाही.

१९८८ मध्ये ‘फिनाले’ हा नोटेशनचा प्रोग्राम आला आणि संगणकावरचं नोटेशन सुबक, बारीक, छापील झालं. जाझवाल्यांना ते परकं वाटलं. मग नव्वदीत रिच सिग्लरचा ‘जाझ फॉन्ट’ आला, आणि ‘सिबेलियस’ या दुसऱ्या प्रोग्राममध्ये ‘इंकपेन’. या फॉन्टांनी बोरूची जाडी उचलली, पण प्रती उतरवणाऱ्या कसबी माणसाचा विवेक फॉन्टमध्ये कसा उतरणार? तो ओळीला चार बार बसवायचा, कॉर्ड नेमका आपल्या मात्रेवर ठेवायचा, गर्दी झाली तर बार रुंद करायचा. हस्ताक्षरी फॉन्टमधली कितीतरी पानं याच कारणाने वाचवत नाहीत: कंसात कंस, आणि त्यांत मुंगीएवढे आकडे.

२०१३ मध्ये ‘स्टाइनबर्ग’ कंपनीने संगीताच्या फॉन्टांसाठी ‘स्मुफल’ हे प्रमाण आणलं. प्रत्येक चिन्हाला ठरलेला संकेतांक मिळाल्याने फॉन्ट एका प्रोग्रामातून दुसऱ्यात नेणं सोपं झालं. २०१८ मध्ये त्याच कंपनीच्या ‘डोरिको’ या नोटेशनच्या प्रोग्रामबरोबर ‘पेटालुमा’ हा फॉन्ट आला, जाझ पुस्तकांचे प्रकाशक चक शेर यांच्या पुस्तकांतल्या हस्ताक्षरावर बेतलेला. शेरच्या पानांची मोकळी मांडणी हा त्या पुस्तकांचा खरा गुण, आणि तो या फॉन्टबरोबर आपोआप येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘फिनाले’चा विकास थांबल्याचं जाहीर झालं. तिथली जुनी पानं आता दुसऱ्या प्रोग्रामांत न्यावी लागत आहेत. ती नेणाऱ्यांनी फॉन्ट बदलण्याआधी बारांची रुंदी तपासावी आणि कंसातले आकडे मोठे करावेत.