'पुरवणे' आणि 'पुरवठा' : लातूर-नांदेडकडील पाणीविचाराची भाषिक बाजू

एखादा समाज निसर्गाच्या देणगीकडे कसा पाहतो, हे त्याच्या घोषणांपेक्षा त्याच्या क्रियापदांवरून अधिक विश्वासाने सांगता येते. 'शाश्वत' हे विशेषण आज शासकीय मराठीत रूढ झाले आहे; परंतु त्याचा मूळ अर्थ 'नित्य, अविनाशी' असा आहे, आणि जे अविनाशी ते जपून वापरण्याचे कारणच उरत नाही. लातूर-नांदेडकडे उन्हाळ्यात घरोघरी ऐकू येते ते निराळेच : पाणी 'पुरवून' वापरा.

'पुरवणे' हे 'पुरणे' या धातूचे प्रयोजक रूप होय. आहे तेवढ्यात भागवणे हा त्याचा एक अर्थ. हवे ते आणून देणे हा दुसरा. पहिल्यात साठ्याची मर्यादा गृहीत असते, दुसऱ्यात केवळ मागणी. 'पाणीपुरवठा' हा शब्द दुसऱ्या अर्थाचा आहे.

पहिल्या अर्थास आधार होता तो दिसणाऱ्या पाण्याचा. 'आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार' ही म्हण आडात डोकावून पाहणाऱ्यांची आहे. येथील काळ्या पाषाणात पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात व भेगांत साठते. आडाची पातळी उतरली की ते गावाला कळे. बोअरचा तळ मात्र कोणास दिसत नाही. 'किती इंची पाणी लागले?' हा प्रश्न धारेविषयी असतो, साठ्याविषयी नव्हे. म्हणीतील आड दृष्टीआड झाला, पोहरा तेवढा उरला.

लातूर शहराची भिस्त असलेले धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले, तेव्हा १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी लातुरास आली. पुरवठा साडेतीनशे किलोमीटरांवरून होऊ लागला. पुरवणे मात्र घरातील घागरीपाशीच राहिले.

जुना शब्द निर्दोष होता असे नव्हे. आड सर्वांस दिसे, पण त्यात पोहरा सोडण्याचा अधिकार सर्वांस नसे. पाणवठे जातवार होते. त्या अधिकारासाठीच १९२७ साली महाडास सत्याग्रह करावा लागला. तेव्हा 'किती दिवस पुरेल' याबरोबरच 'कोणाकोणाला पुरेल' हेही विचारावे लागते.

क्षेत्रकार्यास निघणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणूनच 'शाश्वतता म्हणजे काय?' असे विचारू नये. 'तुमचे पाणी कोठवर पुरते, आणि कोणाला?' असे विचारावे. उत्तर देणाऱ्यास हा प्रश्न स्वतःच्या भाषेतला वाटेल.