मागील बंपर (ऑफ-रोड वाहने)

मागील बंपर हा मोटारवाहनाच्या पाठीमागच्या टोकाला बसवलेला आडवा संरक्षक भाग होय. कच्च्या, चिखलाच्या व खडकाळ वाटांवर चालवल्या जाणाऱ्या फोर-व्हील-ड्राइव्ह वाहनांत कारखान्यातून आलेला बंपर काढून त्या जागी बाजारात स्वतंत्रपणे मिळणारा, बहुधा पोलादी, बंपर बसवण्याची प्रथा आहे. भारतात महिंद्रा थार, मारुती सुझुकी जिम्नी, फोर्स गुरखा या वाहनांत ती विशेषतः आढळते. अशा बंपरकडून तीन कामे अपेक्षित असतात: खडकावर आपटताना वाहनाच्या मागच्या भागाचे रक्षण करणे, रुतलेले वाहन ओढून काढण्यासाठी भक्कम जागा देणे आणि काही वेळा स्टेपनीसारखे सामान वाहणे. ही कामे बंपर किती चांगली करील, हे त्याच्या पत्र्याच्या जाडीपेक्षा तो चॅसीला कसा जोडला आहे यावर अधिक अवलंबून असते.

इतिहास

दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपला मागे पूर्ण रुंदीचा बंपर नव्हता. दोन्ही कोपऱ्यांत दोन आखूड बंपर आणि मध्यभागी ओढकामाचा हूक अशी तिची रचना होती. वाहनाचा मागचा भाग ओढण्यासाठी आहे, ही कल्पना त्यामागे होती. १९४५ साली स्थापन झालेल्या व पुढे महिंद्रा अँड महिंद्रा या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतील माझगाव येथे विलिस जीपची जुळणी सुरू केली. याच परंपरेतील थार हे वाहन २०१० साली बाजारात आले. त्याची दुसरी पिढी ऑक्टोबर २०२० मध्ये विक्रीस आली. तिचे उत्पादन नाशिक येथे होते. आधुनिक वाहनांत बंपरचे बाह्य आवरण बहुधा प्लॅस्टिकचे असते. हलक्या धडकेत ते वाकते किंवा तुटते आणि धक्क्याचा काही भाग स्वतःत सामावून घेते.

प्रकार

बाजारात मिळणाऱ्या बंपरचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

पत्र्याचा बंपर हा साधारणपणे ३ ते ५ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा कापून, वाकवून व वेल्डिंग करून तयार केला जातो. तो सर्वांत मजबूत व सर्वांत जड असतो. पाइपचा बंपर गोल पोलादी नळ्या वाकवून केलेला असतो. तो तुलनेने हलका असतो, मात्र नळ्यांमधील मोकळ्या जागेतून खडक किंवा लाकडाचा ओंडका आत घुसू शकतो. स्टेपनीवाहक बंपरला एका बाजूला बिजागरीवर फिरणारा हात असतो व स्टेपनी त्यावर टांगली जाते. मूळ मापापेक्षा मोठे टायर वापरताना मागच्या दाराच्या बिजागरीवर येणारा ताण त्यामुळे कमी होतो. परंतु वजन वाढते आणि दार उघडण्यापूर्वी हा हात बाजूला करावा लागतो.

निवडीचे निकष

निर्गमन कोन

मागच्या टायरच्या जमिनीवरील टेकणीपासून वाहनाच्या मागील भागातील सर्वांत अडसर ठरणाऱ्या बिंदूपर्यंत रेषा काढली असता ती जमिनीशी जो कोन करते, त्याला निर्गमन कोन म्हणतात. चढावरून उतरताना मागचा भाग घासेल की नाही, हे या कोनावर ठरते. दुसऱ्या पिढीच्या थारमध्ये तो ३६.८ अंश आहे.

बंपर थोडाही खाली किंवा मागे आला तरी हा कोन झपाट्याने कमी होतो. उदाहरणार्थ, बंपरची खालची कड टायरच्या टेकणीपासून ६० सेंटिमीटर मागे व जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच असेल, तर कोन सुमारे ३७ अंश येतो. हीच कड ५ सेंटिमीटर खाली आल्यास तो सुमारे ३४ अंश होतो. त्याशिवाय ती १० सेंटिमीटर मागेही सरकल्यास कोन जेमतेम ३० अंश उरतो. म्हणजे केवळ रुबाबदार दिसतो म्हणून बसवलेला बोजड बंपर वाहनाची खडतर वाटेवरील क्षमता वाढवण्याऐवजी घटवू शकतो. बंपरची खालची कड आणि विशेषतः दोन्ही कोपरे वर उचललेले असावेत.

वजन

पोलादाची घनता दर घनमीटरला सुमारे ७,८५० किलोग्रॅम असते. त्यामुळे ४ मिलिमीटर जाड पत्र्याचे १.६ मीटर लांब व ४० सेंटिमीटर रुंद असे एकच पान सुमारे २० किलोग्रॅम भरते. कंस, पट्ट्या व स्टेपनीचा हात धरून एकूण वजन याच्या कितीतरी पट होऊ शकते.

हे वजन मागच्या आसाच्याही पलीकडे असल्याने तरफेचा नियम लागू होतो. थारप्रमाणे २,४५० मिलिमीटर व्हीलबेस असलेल्या वाहनात मागच्या आसापासून ७०० मिलिमीटर मागे ४० किलोग्रॅम वजन टांगल्यास मागच्या आसावरील भार सुमारे ५१ किलोग्रॅमने वाढतो आणि पुढच्या आसावरील भार सुमारे ११ किलोग्रॅमने घटतो. पुढची चाके हलकी झाल्याने स्टिअरिंगची पकड कमी होते, तर मागच्या स्प्रिंगा दबून निर्गमन कोन आणखी घटतो.

ओढण्याची जागा

चिखलात रुतलेले वाहन ओढताना लागणारा जोर वाहनाच्या वजनाहूनही अधिक असू शकतो. म्हणून शॅकल अडकवण्याचा कान केवळ बंपरच्या दर्शनी पत्र्याला वेल्ड केलेला नसावा. तो पत्र्यातून आरपार जाऊन चॅसीला बोल्टने जोडल्या जाणाऱ्या कंसाशी एकसंध असावा. शॅकलवर सुरक्षित भारमर्यादा कोरलेली असावी. १९ मिलिमीटर जाडीच्या प्रमाणित शॅकलची ही मर्यादा सामान्यतः ४.७५ टन असते. ट्रेलर जोडण्याच्या गोल बॉलला पट्टा अडकवून रुतलेले वाहन कधीही ओढू नये. झटक्याने तो तुटल्यास गोळीसारखा उडतो व प्राणघातक ठरू शकतो.

शहरातील वापर

खडतर वाटेसाठी सजवलेले वाहनही बहुतेक दिवस शहरातच चालते. गिरगावातील वाड्या व दाटीच्या गल्ल्यांमध्ये वाढलेली लांबी आणि बाहेर आलेले पोलादी कोपरे पादचारी व दुचाकीस्वार यांना अपायकारक ठरतात. परळ-लालबाग भागातील उंच इमारतींतील यांत्रिक वाहनतळांना लांबी व वजनाची मर्यादा असते. त्यामुळे बंपर घेण्यापूर्वी ती तपासणे आवश्यक ठरते. ताठ पोलादी बंपर मागून बसलेल्या धडकेत स्वतः फारसा वाकत नाही. तो धक्का सरळ चॅसीकडे व प्रवाशांकडे पोहोचवतो आणि धडकणाऱ्या लहान वाहनाचे नुकसान वाढवतो. सह्याद्रीतील वाटांवर वर्षातून मोजक्या वेळा जाणाऱ्या वाहनाला मूळ बंपर कायम ठेवून चॅसीवर ओढण्याचा प्रमाणित हूक असणे हा पर्याय बहुधा पुरेसा असतो.

मुंबईत गिरगावालगतचा ऑपेरा हाउस परिसर मोटारींच्या सुट्या भागांच्या व्यापारासाठी, तर कुर्ल्याचा सीएसटी रस्ता गॅरेजांसाठी ओळखला जातो. खरेदी करताना बंपर नेमक्या त्याच वाहनासाठी व त्याच पिढीसाठी बनवलेला आहे का, कंस सोबत मिळतात का आणि वेल्डिंगची शिवण सलग आहे का, हे पाहावे.

बसवण्याची पद्धत

वाहन सपाट जागी उभे करून हँडब्रेक लावावा व चाकांना अडण्या द्याव्यात. बॅटरीची ऋण तार सोडवावी. मूळ बंपरमधील सेन्सर, दिवे व पाटीचा दिवा यांची जोडणी सोडवून तारांवर खुणा कराव्यात. आवरण व आतील तुळई काढल्यानंतर चॅसीच्या टोकांवरील गंज व माती साफ करावी.

नवे कंस प्रथम सैल बोल्टांवर बसवावेत. ते चॅसीला आधीपासून असलेल्या भोकांतच बसले पाहिजेत. चॅसीला नवी भोके पाडणे किंवा तिच्यावर वेल्डिंग करणे टाळावे, कारण त्यामुळे त्या जागी ताण एकवटून भेग पडू शकते. यानंतर दोघांनी किंवा जॅकच्या आधाराने बंपर उचलून कंसांवर टेकवावा व दोन्ही बाजूंची उंची मोजून समतल करावा. या वाहनांत बॉडी चॅसीवर रबरी उशांवर बसलेली असते आणि खडबडीत वाटेवर ती चॅसीपेक्षा वेगळी हलते. म्हणून बंपर व बॉडी यांच्यात सर्व बाजूंनी साधारण १० ते २० मिलिमीटर फट ठेवावी. मागचे दार पूर्ण उघडते का आणि सायलेन्सरची नळी बंपरला लागत नाही ना, हेही पाहावे.

बोल्ट ८.८ किंवा १०.९ श्रेणीचे असावेत. श्रेणीतील पहिला आकडा ताणसामर्थ्य दाखवतो: ८.८ श्रेणीच्या बोल्टचे ते ८०० मेगापास्कल असते व त्याच्या ८० टक्के ताणानंतर तो कायमचा लांबू लागतो. बोल्ट अंदाजाने न आवळता टॉर्क पान्याने, उत्पादकाने दिलेल्या मूल्यापर्यंत आवळावेत. सुमारे १०० ते २०० किलोमीटर धावल्यानंतर ते पुन्हा तपासावेत, कारण रंगाचा थर दबल्याने जोड सैल होतो.

भारतात जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना पार्किंग सेन्सर अनिवार्य आहेत. पोलादी बंपरमध्ये ते रबरी कड्यांत, मूळ उंचीवर व मूळ दिशेने बसवावे लागतात; अन्यथा ते खोटा इशारा देतात किंवा अडथळा ओळखत नाहीत. नोंदणीची पाटी पूर्ण दिसावी व रात्री तिच्यावर प्रकाश पडावा.

गंज व देखभाल

मुंबईची खारी, दमट हवा पोलादाला लवकर गंज आणते. दादर-परळमधील हिंदमातासारख्या पाणी साचणाऱ्या भागातून वाहन गेल्यास पाणी बंपरच्या पोकळीत व तारांच्या जोडांत शिरते. म्हणून पोकळीच्या तळाला पाणी निथळण्याची भोके व जोडांना जलरोधक आवरण असावे. केवळ पावडर कोटिंग पुरेसे नसते; खडकाचा ओरखडा पडताच त्याखाली गंज पसरतो. त्याखाली जस्तयुक्त प्रायमर असल्यास संरक्षण टिकते. ओरखडे लगेच रंगवावेत व किनाऱ्यावरून आल्यावर बंपर आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुवावा.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी प्रादेशिक परिवहन अधिकारी विरुद्ध के. जयचंद्र या प्रकरणात या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. त्यापूर्वी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड व बुलबार बसवलेल्या वाहनांवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले होते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार अननुज्ञात फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक फेरफारासाठी ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

नोंदणी प्रमाणपत्रात वाहनाचे रिकामे वजनही नमूद असते; त्यामुळे जड बंपरचा प्रश्न केवळ दिसण्यापुरता राहत नाही. बंपर विकत मिळतो, एवढ्याने तो रस्त्यावर वापरण्यास मान्य ठरत नाही. बदल करण्यापूर्वी वाहनाची नोंदणी असलेल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे (एमएच-०१ क्रमांकाच्या वाहनांसाठी ताडदेव) चौकशी करणे व विमा कंपनीला लेखी कळवणे इष्ट ठरते. न कळवलेल्या फेरफारामुळे अपघातानंतर विम्याच्या दाव्याबाबत वाद उद्भवू शकतो.

हे सुद्धा पहा

महिंद्रा थार
जीप
मोटार वाहन अधिनियम, १९८८
ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, पुणे