कोणिकाच्या हातातील कुऱ्हाड

पर्युषणातील व्याख्यानांत श्रेणिक महाराजांचे नाव आले नाही, असे एकही वर्ष मला आठवत नाही. राजगृहीचे अधिपती, भगवान महावीरांचे परम भक्त, येत्या चोविशीतील पहिले तीर्थंकर होणारा जीव ही त्यांची ओळख आपल्या घरांतील लहान मुलांनाही पाठ असते. त्यांच्या पुत्राची ओळख मात्र एका वाक्यात संपते. कोणिक, म्हणजे ज्याने बापाला बंदीत टाकले तो. बौद्ध ग्रंथांत आणि शालेय इतिहासात याच राजाला अजातशत्रू म्हणतात. नाव कोणतेही घ्या, पितृद्रोहाचा डाग तोच.

निवृत्तीनंतर वाचनाला सवड मिळाली, तेव्हा जयशंकर प्रसाद यांचे 'अजातशत्रु' हे १९२२ सालचे हिंदी नाटक हाती आले. बदनाम राजाला माणूस म्हणून पुन्हा उभे करण्याचा तो गंभीर प्रयत्न आहे. मराठी वाचकाला हा प्रकार नवा नाही. संभाजी महाराजांची नाटकांतून रूढ झालेली प्रतिमा वा. सी. बेंद्रे यांच्या १९६० मधील चरित्राने बदलली आणि शिवाजी सावंतांच्या 'छावा'ने ती नवी प्रतिमा घराघरांत नेली. जैन परंपरेला तर ही दृष्टी त्याहून जुनी. विमलसूरींच्या 'पउमचरिय'मध्ये रावण राक्षस नाही, विद्याधर कुळातील जिनभक्त राजा आहे. त्याची दहा मुखे म्हणजे गळ्यातील हाराच्या नऊ रत्नांत उमटलेली त्याच्याच चेहऱ्याची प्रतिबिंबे. मग कोणिकाच्या बाबतीत आपले आगम काय सांगतात, हे पाहण्याची इच्छा झाली आणि मी 'निरयावलिका' सूत्राचे भाषांतर मिळवून वाचले.

कथेचा आरंभ कोणिकाच्या जन्मापूर्वी होतो. चेलनाराणी गर्भवती असताना तिला पतीच्या काळजाचे मांस खाण्याचे भयंकर डोहाळे लागतात. अभयकुमार युक्तीने ती वेळ निभावून नेतो. पण हे मूल कुळाचा घात करील, या भीतीने राणी जन्मलेल्या बाळाला उकिरड्यावर टाकायला लावते. तेथे कोंबडा त्याच्या बोटाला चोच मारतो. श्रेणिकाला कळते, तो स्वतः जाऊन बाळाला उचलून आणतो आणि राणीला खडसावतो. बोट पिकते, बाळ रात्रंदिवस रडते. तेव्हा राजा ते बोट आपल्या तोंडात धरून पू आणि रक्त चोखून काढतो. बाळ शांत होते. त्या अधू बोटावरूनच मुलाचे नाव कोणिक पडले.

मुलाला यातले काही ठाऊक नसते. तो मोठा होतो आणि पित्याच्या हयातीत आपल्याला राज्य भोगायला मिळणार नाही, या विचाराने पोखरला जातो. काल, सुकाल इत्यादी दहा सावत्र भावांना तो जवळ करतो, राज्याचे अकरा भाग करण्याचे ठरवतो आणि संधी साधून श्रेणिकाला बेड्या घालतो. व्यापारी घराण्यांतील वाचकांना अकरा वाटण्यांचा तपशील निराळा समजावून सांगण्याची गरज नसावी.

यानंतरचा प्रसंग मी अनेकदा वाचला. राज्याभिषेक होतो आणि कोणिक आईच्या पाया पडायला येतो. आई उदास. मी राजा झालो तरी तुला आनंद का नाही, असे तो विचारतो. ज्याचे तुझ्यावर एवढे प्रेम, त्याला तू बेड्या घातल्यास, मला आनंद कसा होईल, असे म्हणून चेलना त्याला उकिरड्याची आणि बोटाची हकिगत सांगते. कोणिक ती प्रथमच ऐकतो. पश्चात्तापाने तो उठतो, पित्याच्या बेड्या स्वतःच्या हाताने तोडायच्या म्हणून कुऱ्हाड घेतो आणि बंदीगृहाकडे निघतो.

श्रेणिकाला मात्र आतून एवढेच दिसते की मुलगा कुऱ्हाड घेऊन येत आहे. हा आता मला हालहाल करून मारणार, असे समजून तो तालपुट विष जिभेवर ठेवतो. टाळी वाजेपर्यंत प्राण घेणारे ते विष. कोणिक पोहोचतो तेव्हा बेड्या तोडण्यासाठी पिता उरलेला नसतो.

बौद्ध अट्ठकथांमध्येही बोट चोखल्याची कथा आहे. तेथे अजातशत्रू पित्याला उपाशी ठेवतो, पुढे त्याच्या पायांना जखमा करवतो. ज्या दिवशी त्याला पुत्र होतो, त्याच दिवशी पिता गेल्याचे वृत्त येते. अमात्य पुत्रजन्माची वार्ता आधी देतात. ती ऐकून त्याच्या मनात वात्सल्य दाटते, तो पित्याला सोडण्याची आज्ञा देतो आणि मग दुसरे पत्र त्याच्या हाती पडते. दोन्ही परंपरांत पश्चात्ताप खरा आहे आणि दोन्हींत तो थोडक्या वेळाने उशिरा पोहोचतो. फरक आहे तो कुऱ्हाडीचा. आपल्या आगमात पित्याचा प्राण मुलाच्या हाताने जात नाही, मुलाविषयीच्या समजुतीने जातो. त्या समजुतीला कारण मात्र मुलानेच दिलेले होते.

प्रसादांनी काय केले? त्यांचा अजातशत्रू कोसलात बंदी होतो, प्रसेनजिताच्या कन्येवर, वाजिरेवर, त्याचे मन जडते, विवाह होतो, पुत्रजन्मानंतर त्याला पितृप्रेम उमगते आणि तो बिंबिसाराची क्षमा मागतो. शेवटी पिता-पुत्राची भेट घडते. रंगभूमीवर हे हृद्य वाटते, भाषा तर अतिशय देखणी. माझ्या मते मात्र येथे नाटककाराने कथेचा कणाच काढून घेतला. आणखी एक गोष्ट मला खटकली. मुलाला सावरण्यासाठी प्रसादांनी दोषाचा मोठा वाटा त्याच्या महत्त्वाकांक्षी आईवर, छलनेवर, टाकला आहे. हे नाव वाचताना चेलना आठवल्याशिवाय राहत नाही. आगमातील चेलना मुलाला सत्य सांगून जागे करणारी, नाटकातील छलना त्याला चिथावणारी. एकाचा डाग पुसताना तो शेजारच्या पदराला लागू नये, एवढी काळजी लेखकाने घ्यायला हवी.

कुऱ्हाडीविषयी मला इतके का वाटते, हे सांगण्यासाठी नोकरीतील एक आठवण लिहितो. एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी होतो. धान्याच्या अडतीची एक जुनी पेढी आमची खातेदार होती. पेढीच्या कर्जाला वडील जामीन होते, राहते घर गहाण होते. बापलेकांत बोलणे बंद होऊन दोन वर्षे झालेली, चुली वेगळ्या झालेल्या. एक दिवस मुलगा अर्ज घेऊन आला. स्वतःच्या कमाईतून घेतलेला भूखंड तारण देतो, वडिलांना जामिनातून मुक्त करा, घराचे कागद त्यांना परत द्या, अशी त्याची विनंती होती. कार्यालयाने ठरावीक मजकुराचे पत्र वडिलांना धाडले, 'आपले नाव कमी करण्याबाबत'. दुसऱ्या दिवशी ते वृद्ध गृहस्थ माझ्यासमोर येऊन बसले आणि दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवून म्हणाले, "साहेब, मुलाने मला पेढीतून काढले. या त्याला द्या." मी मुलाचा अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग किल्ल्या परत खिशात टाकल्या आणि अर्जाची एक नक्कल मागितली. नियमात बसते की नाही, हे न पाहता मी ती दिली.

श्रेणिकाजवळ असा कागद दाखवणारे कोणी नव्हते. दोघांच्या मध्ये उभा राहू शकेल असा एकच माणूस त्या घरात होता, अभयकुमार. त्याने तोवर दीक्षा घेतली होती.

कोणिकावर कोणी कादंबरी लिहिली, तर पुढचा भागही त्याला टाळता येणार नाही. श्रेणिकाने धाकट्या वेहल्लकुमाराला सेचनक हत्ती आणि अठरा सरांचा हार दिलेला होता. वेहल्ल त्या हत्तीवरून गंगेत जलक्रीडा करतो, लोक म्हणतात राज्याचे सुख तर हा भोगतो, ते बोलणे राणी पद्मावतीच्या कानी जाते आणि ती पतीमागे लकडा लावते. वेहल्ल आजोबांकडे, वैशालीच्या चेटकराजाकडे, आश्रयाला जातो. चेटक निरोप पाठवतो की मला दोन्ही नातू सारखे, अर्धे राज्य त्याला दे, मी हत्ती आणि हार पाठवतो. कोणिक मान्य करीत नाही. एक हत्ती आणि एक हार यांपायी युद्ध पेटते. काल, सुकाल आदी दहाही भाऊ त्यात पडतात. भगवतीसूत्र महाशिलाकंटक संग्रामात ८४ लाख आणि रथमुसल संग्रामात ९६ लाख माणसे मेल्याचे सांगते. हिशेबात आयुष्य गेलेल्या माणसाला हे आकडे अडखळवतात, पण त्या युद्धाची धास्ती किती होती ते त्यांतून पोहोचते. पित्यासाठी रडलेला माणूस आजोबांवर चाल करून जातो. पश्चात्तापाने स्वभाव बदललाच असे नाही, आणि आगमांनी हे लपवलेले नाही.

त्याच आगमांनी त्याची दुसरी बाजूही जपली. पित्याच्या आठवणीने राजगृहीत राहवेना म्हणून कोणिकाने राजधानी चंपेला नेली. त्याच्या मृत्यूनंतर पुत्र उदायीलाही चंपेत राहवले नाही आणि त्याने पाटलिपुत्र वसवले, असे परंपरा सांगते. बौद्धांनीही त्याला भगवान बुद्धांपुढे अपराध कबूल करताना दाखवले आहे. भरहुतच्या स्तूपाच्या एका शिल्पात तो वंदन करताना दिसतो, खाली त्याचे नाव कोरलेले आहे. ते शिल्प आज कोलकात्याच्या संग्रहालयात आहे.

मला मात्र औपपातिक सूत्रातील कोणिक अधिक जवळचा वाटतो. भगवान कोठे विहार करीत आहेत, ही वार्ता रोज आणण्यासाठी त्याने खास पगारी माणूस नेमला होता. एके दिवशी तो माणूस सांगतो की भगवान चंपेच्या जवळ आले आहेत. राजा सिंहासनावरून उठतो, पादुका काढतो, राजचिन्हे उतरवून ठेवतो, त्या दिशेने सात-आठ पावले चालतो आणि डावा गुडघा उभा ठेवून, उजवा जमिनीला टेकवून मस्तक नमवतो. या वेळी त्याच्या हातांत काहीही नसते.