पुण्याच्या भोसल्यांची ‘बा’

स्टार प्लसवर २००५ मध्ये ‘बा बहू और बेबी’ सुरू झाली आणि गोदावरी ठक्कर ही गुजराती बा घराघरांत ओळखीची झाली. बोलणं, पदर सावरणं, मुलांना दटावणं, सगळं अस्सल गुजराती. प्रत्यक्षात ही बा पुण्यात जन्मलेली, भोसल्यांची मुलगी. तिचं नाव सरिता जोशी. रायपूर, इंदूर, वडोदरा अशा शहरांत घरात एक आणि दाराबाहेर दुसरी भाषा बोलत वाढलेल्या मराठी माणसाला त्यांचा प्रवास परका वाटणार नाही.

पुणे ते वडोदरा

सरिताबाईंचा जन्म १७ ऑक्टोबर १९४१ चा. वडील भीमराव भोसले, आई कमलाबाई राणे. बालपण वडोदऱ्यात गेलं. गायकवाडांच्या या शहरात मराठी कुटुंबं पुष्कळ होती, तरी बाजारात आणि रंगमंचावर गुजरातीच चाले. घरची परिस्थिती ओढगस्तीची होती. म्हणून थोरली बहीण पद्मारानी आणि सरिता लहानपणीच नाटकात उतरल्या. अरुणा इराणी यांचे वडील फरेदून इराणी हे नाटकमंडळी चालवत. त्यांनी या बहिणींमधला गुण हेरला आणि पुढे दोघी मुंबईला आल्या. पद्मारानीही गुजराती रंगभूमीवर मोठ्या अभिनेत्री झाल्या.

ज्या वयात मुलं पाढे पाठ करतात, त्या वयात सरिताबाई संवाद पाठ करत होत्या. भाषेवरची त्यांची हुकमत तिथेच तयार झाली, असं मला ठामपणे वाटतं. परकी भाषा प्रेक्षकांसमोर बोलायची म्हणजे चुकायला फारशी जागा नसते.

‘संतू रंगीली’

मुंबईत इंडियन नॅशनल थिएटरच्या गुजराती विभागात प्रवीण जोशी हे नव्या वळणाचे दिग्दर्शक काम करत होते. सरिताबाईंचा त्यांच्याशी विवाह झाला आणि या जोडीने गुजराती नाटकाचा एक काळ गाजवला. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून मधु राय यांनी ‘संतू रंगीली’ लिहिलं, तेव्हा संतू सरिताबाईंनी उभी केली. त्याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ लिहिलं आणि भक्ती बर्वे मंजुळा म्हणून अमर झाल्या. एकाच मुंबईत, एकाच दशकात, एकच भूमिका दोन भाषांत गाजली आणि दोन्ही अभिनेत्री जन्माने मराठी! हा योग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही, याचं वाईट वाटतं.

१९७९ मध्ये प्रवीण जोशी गेले. केतकी आणि पूर्बी या मुलींना वाढवत सरिताबाईंनी काम चालू ठेवलं. दोघी मुली पुढे अभिनयातच आल्या. १९८८ मध्ये सरिताबाईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

सकुबाई

नादिरा बब्बर यांच्या ‘सकुबाई’ या हिंदी एकपात्री नाटकात सरिताबाईंनी मुंबईतली मराठी मोलकरीण रंगवली. रंगमंचावर एकटीच बाई, झाडू-पोछा करता करता आपलं आयुष्य सांगणारी. गुजराती रंगभूमीवर वाढलेल्या या अभिनेत्रीला इथे स्वतःच्या मातीतली बाई सापडली. त्यांची सर्वांत अवघड भूमिका मी हीच मानेन.

छोट्या पडद्यावर

‘बा बहू और बेबी’च्या वेळी त्या साठी ओलांडलेल्या होत्या. तो काळ भरजरी साड्यांतल्या कारस्थानी सासवांचा. आतिश कपाडिया आणि जे. डी. मजेठिया यांच्या या मालिकेतली बा मात्र साधी, खमकी आणि प्रेमळ होती. देवेन भोजानी यांनी साकारलेल्या गट्टूसोबतच्या तिच्या प्रसंगांत विनोद आणि व्याकूळता हातात हात घालून चालत. कॅमेऱ्यासमोर आवाज कुठे खाली आणायचा, हे या रंगभूमीवरच्या बाईला नेमकं कळत होतं.

२०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मराठी नाट्येतिहास लिहिणाऱ्यांनी आता त्यांच्यासाठी एक प्रकरण राखून ठेवायला हवं.