उत्तरेच्या भयकथा (भाग ३) : भिंतीपलीकडचा शेजार

मागच्या भागात सेल्मा लागरलॉफ यांच्या १९१२ सालच्या कादंबरीची ओळख झाली. वर्षाच्या शेवटच्या रात्री, बाराच्या ठोक्याला मरणाऱ्याला पुढचे वर्षभर मृत्यूची गाडी हाकावी लागते, ही त्यातली कल्पना. स्वीडनमधल्या क्षयरोगविरोधी संस्थेने त्यांच्याकडे खरे तर मागितले होते ते लोकशिक्षणासाठी लेखन. नोबेल मिळवलेल्या या लेखिकेने त्यातून भुताची गोष्ट उभी केली. स्वीडिश भयकथेची ही वाट पुढेही मोडली नाही. समाजाने ज्या माणसाकडे डोळेझाक केली, त्याच्याच दारातून तिथे भय आत शिरते.

जॉन आयविडे लिंडक्विस्ट यांची ‘लेट द राइट वन इन’ ही २००४ सालची कादंबरी याच वाटेवरची.

लिंडक्विस्ट १९६८ साली जन्मले आणि स्टॉकहोमच्या ब्लॅकेबर्ग उपनगरात वाढले. लेखक होण्याआधी ते जादूचे प्रयोग करत, स्टँड-अप कॉमेडी करत. पहिलीच कादंबरी त्यांनी आपल्या उपनगरात घडवली. ब्लॅकेबर्ग १९५०च्या सुमारास आखणी करून वसवलेले. मेट्रो स्टेशन, शाळा, दुकाने, एकसारख्या इमारती, सगळे जागच्या जागी. पडका वाडा नाही, जुनी दंतकथा नाही. व्हॅम्पायरने यावे असे तिथे काहीच नाही, आणि म्हणूनच तो आल्यावर कोणाच्या लक्षात येत नाही.

काळ १९८१चा. त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस एक सोव्हिएत पाणबुडी कार्ल्सक्रोनाच्या नाविक तळाजवळ खडकांत अडकली होती आणि साऱ्या देशाचे डोळे समुद्राकडे लागले होते. कादंबरीत ही बातमी मागे सतत ऐकू येते. इकडे बारा वर्षांच्या ऑस्करला शाळेतली मुले रोज छळतात, त्याची मात्र बातमी होत नाही.

इमारतीच्या अंगणात त्याला एली भेटते. दिसायला त्याच्याच वयाची, थंडीतही अंगावर पातळ कपडे. तो तिला आपला रुबिक्स क्यूब देतो आणि ती तो सोडवून दाखवते. दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत. मग भिंतीवर टकटक करून मोर्स लिपीत गप्पा सुरू होतात. वाचकाला एलीबद्दल माया वाटू लागते ती इथे, तिचे खरे रूप कळण्याच्या कितीतरी आधी.

आमंत्रणाशिवाय व्हॅम्पायरला घरात पाऊल टाकता येत नाही, हा संकेत जुनाच. पण टाकलेच तर काय होते? लिंडक्विस्ट ते दाखवतात. ऑस्कर हट्टाने ‘ये’ म्हणत नाही. एली तरीही उंबरठा ओलांडते आणि तिच्या अंगातून रक्त पाझरू लागते. हादरलेला ऑस्कर घाईने तिला आत बोलावतो. अख्ख्या कादंबरीतली भीती आणि मैत्री या एका प्रसंगात एकवटली आहे. तोमास अल्फ्रेडसन यांच्या २००८ सालच्या चित्रपटातही तो आहे.

पुढच्याच वर्षी, २००५मध्ये, लिंडक्विस्ट यांनी मेलेल्यांना परत आणले. ‘हँडलिंग द अनडेड’मध्ये स्टॉकहोममधले नुकतेच वारलेले लोक उठून बसतात. एक आजोबा नातवाची कबर उकरतात. या मृतांचे करायचे काय, हा प्रश्न सरकारी यंत्रणेपुढेही पडतो आणि घरच्या माणसांपुढेही. इथले मृत माणसांच्या मागे धावत सुटत नाहीत. गेलेले माणूस परत यावे ही प्रत्येकाच्या मनातली इच्छा खरी झाली तर काय होईल, याचे भय इथे आहे.

दोन्ही कादंबऱ्या इंग्रजीत आणल्या एब्बा सेगरबर्ग यांनी. हेनिंग मांकेल यांच्या इन्स्पेक्टर वॉलँडरच्या काही कथाही त्यांनीच अनुवादित केल्या आहेत. पोलिसी कादंबरीची कोरडी, नेमकी, आवाज न चढवणारी भाषा त्यांच्या हातात होती, आणि भयकथेलाही तीच लागते. मराठी वाचक या पुस्तकांपर्यंत बहुधा इंग्रजीतूनच पोहोचतो; निवेदनातला हा थंडपणा त्या प्रवासातही टिकतो, हे या अनुवादांचे मोठे यश आहे.

पुढच्या भागात आइसलँड. १९५२ साली शेवटचे रहिवासी निघून गेल्यावर ओस पडलेले हेस्टेरी हे गाव, तिथे हिवाळ्यात घर दुरुस्त करायला आलेली तीन माणसे, आणि ती गोष्ट लिहिणाऱ्या, पेशाने स्थापत्य अभियंता असलेल्या इर्सा सिगुर्दारदोत्तिर.