पुराआधी – भाग ५ : पडून बिघडलेलं इंजिन

मागच्या भागात रबरी बोटीचे कप्पे आणि झडपा पाहिल्या. आता तिच्या मागे लटकणारं इंजिन, बचाव पथकांच्या बोलीत ‘ओबीएम’.

कोकणात हे इंजिन रोजच्या खाऱ्या पाण्याने झिजतं. आपल्याकडे यवतमाळात ते पडून पडून बिघडतं. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर बोलवावी लागली. अशी वेळ कधीमधी येते, आणि तोवर इंजिन गोदामात धूळ खातं. टाकीत पेट्रोल मात्र मागच्या पावसाळ्यातलंच.

दोरी ओढून खांदा भरून आला तरी इंजिन पकडत नसेल, तर आधी इंजिन बंद करणाऱ्या लाल दोरीची क्लिप जागेवर आहे ना ते पाहा. ती निघालेली असली की ठिणगीच पडत नाही. घाईत हीच गोष्ट सुटते. मग टाकी उघडून वास घ्या. शिळ्या पेट्रोलला व्हार्निशसारखा आंबूस वास येतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल शोषतं. ओल फार झाली की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि इंजिन पेट्रोल ओढतं ते तळातूनच. टू-स्ट्रोक इंजिनात आणखी एक भानगड: कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं, त्यात मिसळलेलं ऑइल चिकट होऊन जेटच्या बारीक भोकात बसतं. अशा वेळी नवा प्लग घालून काही होत नाही. जेट साफ करा, ताजं पेट्रोल भरा. बऱ्याच टू-स्ट्रोक इंजिनांना लिटरमागे २० मिली ऑइल लागतं. तरी आपल्या इंजिनाचं पुस्तक पाहूनच मिसळा.

इंजिन सुरू होतं, पाच मिनिटांनी गुदमरून बंद पडतं? नळीवरचा रबरी बल्ब पाहा. तो चपटा झाला असेल तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिलाय. जीपमधून आणताना पेट्रोल सांडू नये म्हणून तो आवळतात आणि काठावर सगळे विसरतात. बल्ब कितीही दाबला तरी कडक होत नसेल, तर नळी कुठेतरी हवा घेतेय किंवा बल्बच्या आतल्या झडपा गेल्यात.

आवाज चढतो पण बोट सरकत नाही, याचा दोष बहुधा पंख्याकडे. पुरात पऱ्हाट्या आणि ठिबकच्या नळ्या वाहत येतात आणि पंख्याला गुंडाळतात. क्लिप काढून इंजिन बंद करा, मगच वर उचलून कापा. पंखा मोकळा असूनही जोर लागत नसेल तर आतला रबरी बुश घसरलाय, लहान इंजिनात पिन तुटलीय.

हे सगळं मे महिन्यात, पाण्याच्या ड्रममध्ये तपासायचं. पाणी शोषायच्या जाळ्या बुडालेल्या हव्यात. कोरडं इंजिन क्षणभरही फिरवू नये, कारण पाणी ओढणारा आतला रबरी इम्पेलर पाण्यावाचून जळतो. सुरू होताच मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार आली पाहिजे. नाही आली तर लगेच बंद करा आणि भोकात बारीक तार घालून गाळ काढा. तरीही धार नसेल तर इम्पेलर बदला. वर्षभर एकाच जागी दबून त्याची पाती वाकडी होऊन बसतात.

खालच्या गिअरचं ऑइल दुधाळ दिसलं तर सीलमधून पाणी शिरलंय. सील कसं बदलायचं, ते पुढच्या आठवड्यात.