तंजावरला अर्धा दिवस पुरत नाही

विलेपार्ल्यातून निघणाऱ्या दक्षिण भारताच्या सहलीत तंजावरच्या वाट्याला बहुधा अर्धा दिवस येतो. तिरुचिरापल्लीहून सकाळची बस, बृहदीश्वराचं दर्शन, नंदीपुढे फोटो, केळीच्या पानावर जेवण आणि लगेच मदुराई-रामेश्वरची वाट. जाता जाता गाइड सांगतो, की मध्यान्ही या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. सावली पडते, रोज पडते. मात्र मराठी माणसाने थांबून पाहावं असं बरंच काही त्या गडबडीत मागे राहतं.

मंदिर चोळांचं. पहिल्या राजराजाने ते १०१० साली पूर्ण केलं. सगळं ग्रॅनाइटमध्ये, आणि विमान म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर सुमारे २१६ फूट उंच. मान वर करून शिखर पाहून झालं, की नजर खाली जोत्याकडे वळवावी. तिथे तमिळ लेखांच्या ओळीच्या ओळी कोरल्या आहेत. राजाने काय दिलं, थोरली बहीण कुंदवै हिने काय दिलं, राण्यांनी काय दिलं, याचा तो चोख हिशेब आहे. देवळाच्या सेवेसाठी आणलेल्या चारशे नर्तिकांची नावं, प्रत्येकीला दिलेलं घर आणि धान्याचा वाटासुद्धा त्यात नोंदलेला आहे.

मराठीची पाळी येते आवाराच्या नैऋत्य बाजूला. तिथल्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास देवनागरीत कोरलेला आहे. तमिळ मुलखातल्या चोळांच्या देवळात ओळखीची अक्षरं दिसली, की चार शब्द लागतात, पाचवा अडतो, आणि वाचणारा आपोआप भिंतीजवळ सरकतो.

या लेखाचं साल १८०३, आणि त्यामागची गोष्ट कळायला हे सालच महत्त्वाचं. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७५च्या सुमारास तंजावर घेतलं. दुसरे सरफोजी १७९८मध्ये गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. राजाकडे उरला किल्ला, वाडा आणि तनखा. त्यानंतर चार वर्षांनी त्यांनी घराण्याची बखर दगडावर उतरवून घेतली. सत्ता असताना पूर्वजांनी असं काही कोरून घेतलं नव्हतं. ती गेल्यावर सरफोजींना त्याची निकड वाटली असावी.

हाताशी वेळ होता, पैसा होता आणि श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झालेलं शिक्षण होतं. सरफोजींनी तो सगळा ऐवज ग्रंथांवर लावला. मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांच्या काळापासून चालत आलेलं वाड्यातलं ग्रंथालय त्यांनी इतकं वाढवलं, की आज सरस्वती महालाला त्यांचंच नाव आहे. ताडपत्रं, संस्कृत-तमिळ-तेलुगू पोथ्या आणि मराठीची हजारो हस्तलिखितं तिथे आहेत, शिवाय मोडी कागदांची बाडं. सरफोजींच्या काळातल्या नेत्ररुग्णांची टिपणंही जपलेली आहेत, आणि त्यांच्याबरोबर दुखऱ्या डोळ्यांची रंगीत चित्रं. वाड्यात त्यांनी देवनागरी छापखानाही काढला. तिथे १८०६मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक छापलं गेलं. मुंबईत ‘दर्पण’ हे मराठी वृत्तपत्र निघायला तेव्हा अजून सव्वीस वर्षं होती.

पार्लेकराला खरा धक्का बसतो तो नाटकांच्या पोथ्यांपाशी. दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह ज्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्याला ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन आणि सांगलीत १८४३ साली झालेलं विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ पाठ असतं. पण व्यंकोजींचे पुत्र शहाजी १६८४मध्ये गादीवर आले, त्यांनी ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे मराठी नाटक लिहिलं आणि १७१२मध्ये त्यांची कारकीर्द संपलीसुद्धा. म्हणजे सांगलीच्या आधी सव्वाशेहून अधिक वर्षं. त्यांच्याच ‘पंचभाषाविलास’मध्ये वेगवेगळ्या देशींच्या राजकन्या कृष्णाला वरायला येतात आणि जी ती आपापल्या भाषेत बोलते. महाराष्ट्राची कन्या अर्थातच मराठीत. पाची भाषा प्रेक्षकाच्या कानावर असल्याशिवाय असं नाटक कोण लिहील?

या नाटकांचा धागा सांगलीपर्यंत पोचला नाही, हेही खरं. तंजावरची मराठी तमिळ मुलखातच मुरली. मराठी कीर्तनकार तिथे गेले, आणि त्यांच्या कीर्तनातून तमिळ हरिकथेला नवं वळण मिळालं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावूर कृष्ण भागवतरांनी ती हरिकथा नावारूपाला आणली. आजही जाणकारांच्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग ऐकू येतात. संगीत नाटकांवर वाढलेल्या कानांना साकी-दिंडीची ओळख वेगळी करून द्यायला नको.

१८५५मध्ये शेवटचे राजे शिवाजी पुत्राविना वारले आणि कंपनीने संस्थान खालसा केलं. देवळांची व्यवस्था मात्र घराण्याकडे राहिली. आज बृहदीश्वराच्या वास्तूची देखभाल पुरातत्त्व खातं करतं, तर राजवाडा देवस्थानच्या अठ्ठ्याऐंशी मंदिरांचं वंशपरंपरागत विश्वस्तपद भोसल्यांकडे आहे आणि बृहदीश्वर त्यांतलंच एक.

त्यामुळे सहल ठरवतानाच तंजावरला दोन रात्री मागून घ्याव्यात. पहिल्या सकाळी मंदिर आणि भिंतीवरचा लेख, दुपारी गाभारा बंद असताना राजवाडा, ग्रंथालयाचं संग्रहालय आणि कलादालनातल्या चोळ कांस्यमूर्ती. दुसरा दिवस कुंभकोणमजवळचं दारासुरम आणि गंगैकोंडचोळपुरम यांच्यासाठी. ही दोन्ही मंदिरं बृहदीश्वरापाठोपाठ २००४मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आली. रामेश्वरची गाडी तिसऱ्या दिवसाची धरावी.